सरड्याचा रंग उन्हानं उडत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत शेवटच्या पानावर खालच्या कोपऱ्यात तुम्ही दोन सरड्यांचे फोटो शेजारी शेजारी छापले होते, एक घाटावरचा, काळपट, ओल्या खडकासारखा, आणि एक आपल्या नागपूरचा, पिवळट फिकट, धुवून वाळत घातल्यासारखा. खाली ओळ होती की विदर्भाच्या उन्हानं सरड्याचाही रंग उडतो. आणि त्याच्याखाली अजून एक ओळ, ही नवी प्रजाती तर नाही ना? मी चहा घेता घेता वाचलं, सोडून दिलं, दुपारी परत वाचलं, मग राहवलं नाही. आमचे हे म्हणाले, "काय बावा, आता सरड्यावर पत्र लिहून राहिली का तू?" तर हो, लिहून राहिली.

मी मूळची साताऱ्याची. लग्न होऊन नागपूरला आले त्याला आता २२ वर्षं झाली. बी.एस्सी.ला झूलॉजी होतं, नोकरी मात्र बँकेत काउंटरवर, त्यामुळं त्या डिग्रीचा उपयोग एवढाच की घरात पाल निघाली की सगळे मला हाक मारतात. पण सरडे मी दोन्हीकडचे बघितलेत, माहेरचे आणि सासरचे, आणि फरक आहे हे मलाही दिसतं. फरक नाही असं माझं म्हणणंच नाही. माझं भांडण त्या "उन्हानं उडतो" शी आहे. म्हणजे साडी गच्चीवर राहिली तर उडेल ना रंग, पण सरडा कात टाकतो हो, वर्षातून कितीतरी वेळा जुनी कातडी फाटून निघते आणि खालून नवी येते, मग उडालेला रंग टिकणार कुठं? आणि समजा उडालाच, तरी तो पिल्लात कसा उतरेल? मी २२ वर्षं नागपूरच्या उन्हात स्कूटी चालवून जेवढी काळवंडले तेवढा माझा मुलगा जन्मतः काळा झाला का?

मुळात गडबड "रंग बदलतो" या शब्दातच आहे. सरड्याच्या बाबतीत आपण तीन वेगळ्या गोष्टींना एकच शब्द वापरतो. एक मिनिटांत होते, एक महिन्यांत, आणि एक हजारो वर्षांत. तुमच्या फोटोत यातली कुठली दिसतेय हे फोटोवरून कळायला मार्गच नाही.

मिनिटांचं सांगते. आमच्या कंपाउंडला मेंदीचं कुंपण आहे, त्याच्यावर एक सरडा असतो, शेपूट टोकाला जराशी वाकडी आहे म्हणून तोच तो हे ओळखू येतं. जानेवारीत सकाळी साडेसातला मी डबा भरते तेव्हा तो काळपट तपकिरी असतो, दगडासारखा. दहाला निघते तेव्हा तोच सरडा, तीच फांदी, आणि रंग वाळलेल्या गवताचा. मधे फक्त ऊन आलेलं असतं. गार असताना गडद राहायचं म्हणजे ऊन पटकन शोषलं जातं, आणि अंग तापलं की फिकट व्हायचं. आता याचे दोन फोटो काढून एकाला घाटावरचा आणि एकाला नागपूरचा म्हटलं असतं तर तुम्ही छापलंच असतं ना!

हे कसं होतं तर त्याच्या कातडीत रंगपेशींचे थर असतात. वरच्या थरात पिवळे-लाल रंगकण, मधल्या थरात उजेड परतवणारे अगदी बारीक स्फटिक, आणि खाली मेलॅनिन या काळ्या रंगद्रव्याच्या पेशी, ज्यांच्या फांद्या झाडासारख्या वर पसरलेल्या असतात. काळे कण त्या फांद्यांतून वर पसरले की सरडा गडद, परत खाली गोळा झाले की फिकट. मधल्या थराची गंमत अशी की सरड्याच्या अंगावर जो निळा दिसतो तो निळा रंगकण नसतोच, मोरपिसासारखाच प्रकार, स्फटिकांच्या मांडणीतून निळा उजेड तेवढा परत येतो, आणि त्याच्यावर पिवळा थर असला की आपल्याला हिरवं दिसतं. मादागास्करच्या पँथर शॅमेलिऑन या रंगबदलू सरड्यावर जिनिव्हा विद्यापीठातल्या लोकांनी २०१५ मध्ये दाखवलं की तो चिडला की या स्फटिकांमधलं अंतरच वाढवतो आणि हिरव्याचा पिवळा-नारिंगी होतो. म्हणजे रंग आणत नाही, मांडणी बदलतो.

आता महिन्यांचं. हे नागपुरात कोणाला सांगायला नको, मे-जूनमध्ये नर सरड्याचं डोकं आणि गळा लालभडक होतो, गालाजवळ काळा डाग येतो, आणि तो कुंपणावर बसून पुशअप्स मारतो. आमच्या गल्लीतली पोरं म्हणतात हा रक्त पितो, दुरून नुसता बघूनच पितो, म्हणून लाल होतो. आणि दगड मारतात. मी दोनदा भांडलेय, एकदा तर एका पोराच्या आजीशी, कारण आजीचंही तेच म्हणणं, की आमच्या लहानपणी सरडा दिसला की आम्ही आधी गळ्यावर हात ठेवायचो. काकू, तो विणीचा रंग आहे हो. माद्यांना दाखवायला आणि दुसऱ्या नराला दम द्यायला. पावसाळा संपला की ओसरतो. मादी त्या काळातही साधीच असते, पिल्लंही साधीच. मग तुमच्या फोटोतला घाटावरचा नर होता की मादी? फोटो कोणत्या महिन्यातला? काहीच लिहिलेलं नव्हतं.

बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत डॉ. मारिया ठाकर यांच्या गटानं दक्षिणेतल्या खडकांवरच्या सरड्यावर काम केलंय, त्यात नर भांडताना एक रंगजोडी दाखवतो आणि मादीसमोर वेगळी, पाठीचा पट्टा वेगळा, बाजूचा वेगळा, आणि भांडणातला बदल जास्त झटपट होतो. एकाच सरड्याच्या अंगावर इतकं चालतं, आणि आपण एका फोटोवर ठरवतो.

हे सगळं बाजूला काढलं की मग खरा प्रश्न उरतो, आणि तो प्रश्न छान आहे, तुम्ही तो विचारला याबद्दल आभारच. एकच जात, दोन गावं, आणि सारख्या महिन्यात, सारख्या वेळी, सारख्या वयाचे नर बघितले तरी रंग वेगळा. का?

सगळ्यात पक्कं उत्तर जिथं मिळालंय ती जागा अमेरिकेत आहे, न्यू मेक्सिको राज्यात, व्हाइट सँड्स. तिथं वाळूच पांढरी आहे, कारण ती आपली नेहमीची वाळू नाही, जिप्सम आहे, ज्याच्यापासून प्लास्टर ऑफ पॅरिस करतात तेच. सुमारे ७०० चौरस किलोमीटर नुसता पांढरा भुगा. आजूबाजूचं वाळवंट नेहमीसारखं तपकिरी. त्या तपकिरी वाळवंटातले तीन वेगवेगळ्या जातींचे सरडे पांढऱ्या वाळूतही राहतात, आणि तिघंही तिथं पांढरट झालेत. वाळूचे हे डोंगर काही हजार वर्षांचेच आहेत, म्हणजे भूगर्भवाल्यांच्या हिशोबात काल परवाचे. कारण सरळ आहे, पांढऱ्यावर काळा सरडा वरून पक्ष्याला लगेच दिसतो. आपल्याकडं खाटीक पक्षी असतो ना, बाभळीच्या काट्याला टोळ आणि छोटे सरडे टोचून ठेवणारा, त्याचे भाईबंद तिकडंही आहेत.

आणि पुढचं मला फार आवडतं. एरिका रोझेनब्लम या बाईंनी या सरड्यांचा एमसी१आर नावाचा जीन तपासला. हा जीन मेलॅनिन किती बनवायचं ते ठरवणाऱ्या साखळीतला आहे, उंदरात, माणसातही असतो, लाल केसांच्या गोऱ्या लोकांमध्ये याचंच बिघडलेलं रूप असतं. तर दोन जातींमध्ये याच जीनमध्ये बिघाड सापडला, पण बिघाड वेगळा! एकीत हा जीन जे प्रथिन बनवतो ते पेशीच्या पडद्यात नीट बसतच नाही, दुसरीत नीट बसतं पण पुढं निरोप देत नाही. बेल न वाजण्याची दोन कारणं, एक तर बेल भिंतीला लागलेलीच नाही, नाहीतर लागलीय पण वायर तुटलीय. दारातल्या माणसाला दोन्हीकडं सारखंच. शिवाय एकीत पांढरेपणा आईबापांपैकी एकाकडून आला तरी पुरतो आणि दुसरीत दोघांकडून यावा लागतो. हे काम २०१० मध्ये छापून आलं. म्हणजे बाहेरून सारखे दिसणारे दोन पांढरे सरडे आतून वेगळ्या रस्त्यानं पांढरे झालेत. उन्हाचा संबंध आला का कुठं? ऊन तर पांढऱ्या वाळूत आणि शेजारच्या तपकिरी वाळवंटात सारखंच पडतं!

आता याच्या अगदी उलट जागा. कॅलिफोर्नियात मोहावे वाळवंटात पिसगा नावाचा लाव्हाचा पट्टा आहे, काळा कुळकुळीत, आपल्या बेसॉल्टचाच चुलत भाऊ. त्याच्यावर एक छोटा सरडा राहतो तो काळा, आणि बाजूच्या वाळूतले त्याच जातीचे फिकट. इथं २०१८ मध्ये अमोन कॉर्ल आणि मंडळींनी जे छापलं ते वाचून माझाच आधीचा समज थोडा बदलला. वाळूतला फिकट सरडा आणून काळ्या लाव्हावर ठेवला तर तो पण हळूहळू गडद होतो, मिनिटांत नाही, काही आठवडे महिने लागतात. पण लाव्हावर पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्यांइतका काळा तो होत नाही. कारण लाव्हावाल्यांमध्ये मेलॅनिनशी संबंधित दोन जीन्समध्ये फरक पडलेला सापडला. त्यांचं म्हणणं असं की आधी जो सरडा लाव्हावर आला तो त्या महिन्यांच्या बदलावर कसाबसा तगला, आणि नंतर पिढ्या जाता जाता जीन्सनी तो रंग पक्का केला. आधी भाड्यानं राहिले, मग घर घेतलं.

म्हणून, संपादक साहेब, "ऊन की जीन्स" असं एकच उत्तर नसतंच बऱ्याचदा. दोन्ही थोडं थोडं. आणि किती कुठलं हे शोधायची पद्धत एकच, दोन गावांचे सरडे, खरं तर त्यांची अंडी, एकाच जागी, एकाच खाण्यावर, एकाच रंगाच्या जमिनीवर वाढवायची. वाढल्यावरही फरक राहिला तर तो रक्तातला, गेला तर जागेचा. कॅरिबियन समुद्रात डॉमिनिका बेटावर रॉजर थॉर्प आणि अनिता मल्होत्रा यांनी एका जातीचे सरडे कोरड्या किनाऱ्यावरून, ओल्या जंगलातून उचलून कुंपण घातलेल्या जागेत आणून सोडले होते, १९९१ ला छापलंय, आणि ज्यांचं रूप त्या जागेला जुळत नव्हतं ते जास्त मेले. इतकी मेहनत लागते एका ओळीसाठी.

आता तुमच्या बाजूनं एक बोलते, नाहीतर म्हणाल ही बाई नुसती तुटून पडलीय. गरम प्रदेशात फिकट आणि थंड, धुक्याच्या प्रदेशात गडद, हे काही जातींमध्ये खरंच दिसतं. गडद अंग लवकर तापतं, आणि सरड्याला सकाळी तापल्याशिवाय पळता येत नाही, खाता येत नाही, खाल्लेलं पचत नाही. म्हणून जिथं ऊन कमी मिळतं तिथं काळ्याला फायदा. दक्षिण आफ्रिकेत केपच्या धुक्याच्या किनाऱ्याकडं काळेभोर खवलेवाले सरडे आहेत, त्यांच्याबद्दल हेच कारण सांगतात. मग आपल्या नागपुरात, जिथं मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि सरडा दुपारी सावलीत जीव मुठीत धरून बसतो, तिथं फिकट असणं सोयीचं असू शकेल. शक्य आहे! पण ते "उन्हानं रंग उडतो" असं नाही, ते "जे फिकट होते ते जास्त जगले आणि त्यांची पिल्लं फिकट निघाली" असं आहे. वाक्य दोन शब्दांनी वेगळं दिसतं पण अर्थ पार बदलतो.

आणि त्यातही मेख आहे. घाटावर फक्त थंडी नसते. पाऊस असतो, ओल असते, शेवाळलेली झाडं असतात, काळा कातळ असतो. ओलसर प्रदेशात प्राणी जास्त गडद दिसतात हे ग्लोगर नावाच्या जर्मन माणसानं १८३३ मध्येच पक्ष्यांबद्दल लिहून ठेवलंय. मग घाटावरचा सरडा काळपट का? थंडीमुळं की ओलीमुळं की काळ्या कातळावर लपायला? या तिन्ही गोष्टी तिथं एकत्रच नांदतात, सासू नणंद जाऊ एकाच घरात असल्यासारख्या, कोणामुळं काय झालं ते बाहेरच्याला कसं कळणार.

उलट आपल्या नागपूरला हे वेगळं काढायची सोय निसर्गानं करून ठेवलीय असं मला कधी कधी वाटतं. डेक्कन ट्रॅपचा काळा दगड पश्चिमेकडून येत येत इथंच नागपूरच्या आसपास संपतो आणि पूर्वेकडं जुने, फिकट नाइससारखे दगड सुरू होतात. ऊन तेच, पाऊस जवळपास तोच, दगड तेवढा वेगळा. एखाद्या कॉलेजच्या पोरांनी काळ्या दगडावरचे आणि रामटेककडचे सरडे सारख्या महिन्यात, सारख्या वेळेला बघितले तर निदान जमिनीच्या रंगाचा प्रश्न बाजूला निघेल. आमच्या मुलाला मी हे म्हटलं तर तो म्हणाला, "आई, काऊन गं, आधीच सायन्सचा प्रोजेक्ट बाकी आहे." बरं.

आता माहेरचं. साताऱ्याजवळ चाळकेवाडीचं पठार आहे, पवनचक्क्यांचं. तिथं एक सरडा आहे, नराच्या गळ्याला पंखा असतो, निळा, काळा, नारिंगी. विणीच्या दिवसांत पठारावर दगडावर चढून तो पंखा उघडतो मिटतो, बघत राहावं असं. आम्ही लहानपणी त्याला नुसतं सरडाच म्हणायचो. २०१६ मध्ये या पंखेवाल्या सरड्यांचा नीट अभ्यास होऊन यातल्या काहींचा वेगळा गट केला गेला आणि त्या गटाला शास्त्रीय नाव दिलं "सरडा". आपला मराठी शब्द, जसाच्या तसा! चाळकेवाडीचा तो सरडा सुपर्बा. मला हे कळलं त्या दिवशी मी बँकेत तिघांना सांगितलं, कोणालाच काही वाटलं नाही.

तर या पठारावर २०१८ मध्ये मारिया ठाकर, अमोद झांबरे आणि हर्षल भोसले यांचं काम प्रसिद्ध झालं. पठाराच्या एका भागात पवनचक्क्या, बाजूच्या भागात नाहीत. चक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी जवळपास चारपट कमी. आणि सरडे जास्त. आता सांगा, शिकारी कमी झाला तर सरड्यांचा रंग कसा व्हायला पाहिजे? मी हाच प्रश्न आमच्या ह्यांना विचारला, ते म्हणाले भडक होईल, भीती नाही ना कोणाची. मलाही तेच वाटलं असतं. पण झालं उलटं. चक्क्यांच्या भागातल्या नरांचा निळा आणि नारिंगी फिका! ते माणसाला जवळ येऊ देतात, ताणाचं हार्मोन कमी, पण अंगानं बारीक. कारण सरडे वाढले, खाणारी तोंडं वाढली, आणि प्रत्येकाच्या वाट्याला खाणं कमी. आणि भडक रंग फुकट येत नाही. नारिंगी पिवळ्यातला काही भाग कॅरोटिनॉइडचा असू शकतो, म्हणजे गाजर भोपळ्यात असतं तसलं काहीतरी, ते सरड्याला स्वतः बनवता येत नाही, किड्यांमधून मिळवावं लागतं. पोट भरलं तर गळा रंगणार.

म्हणजे बघा, एकच जात, एकच पठार, तेच ऊन, तोच पाऊस, तोच जांभा दगड, आणि रंगात फरक, आणि तो फरक कुठून आला तर पक्षी उडून गेले म्हणून. हे कोणाच्या डोक्यात आलं असतं फोटो बघून? पाठ लपण्यासाठी आणि तापण्यासाठी असते, गळा दाखवण्यासाठी, दोघांची कारणं वेगळी, आणि आपण "सरड्याचा रंग" म्हणून एकच बोलतो.

अजून एक कारण राहिलं, जे सगळ्यात कंटाळवाणं म्हणून कोणी सांगत नाही, ते म्हणजे नुसता योगायोग. आणि याच्यासाठी आपल्याकडं म्हण तयार आहे, सरड्याची धाव कुंपणापर्यंत. आपण ती दुसऱ्याला टोमणा मारायला वापरतो पण ती शास्त्राच्या दृष्टीनं पण बरोबर आहे. सरडा लांब जात नाही. पक्ष्यासारखा शंभर किलोमीटर उडून तिकडच्या मादीशी जोडी जमवत नाही. म्हणून एका गावात जो रंग सुरू झाला तो तिथंच राहतो, आणि मधे नदी, डोंगर, शहर आलं की दोन्हीकडचे आपापल्या वाटेनं जातात. छोट्या बेटावर तर हे जोरात होतं, मुळात चार सरडे पोचलेले असतात, त्यांचा जो रंग तोच पुढं सगळ्यांचा. इटलीत काप्री बेटाजवळ समुद्रातून वर आलेल्या एका सुळक्यावर निळे सरडे आहेत, मुख्य जमिनीवर तीच जात हिरवी तपकिरी. ते निळे का झाले यावर दीडशे वर्षं वाद चालू आहे. कोणी म्हणतं लपायला, कोणी म्हणतं शिकारी नाही म्हणून, आणि एक मत असंही आहे की रंग हा मुद्दाच नाही, ज्या हार्मोनमुळं बेटावरचे सरडे जास्त आक्रमक होतात त्याच हार्मोनमुळं मेलॅनिन पण वाढतं, रंग आपोआप सोबत आला. एक किलो साखरेवर डबा फ्री, आणि आपण विचारतोय डबा का घेतला.

आता तुमचा दुसरा प्रश्न, नवी प्रजाती का. आपल्या कुंपणावरच्या सरड्याचं शास्त्रीय नाव कॅलोटिस व्हर्सिकलर, दोदँ नावाच्या फ्रेंच माणसानं १८०२ मध्ये दिलेलं, आणि व्हर्सिकलरचा अर्थच मुळी नाना रंगांचा. म्हणजे रंग वेगळा दिसला म्हणून दचकायचं नाही हे नावातच सांगून ठेवलंय बिचाऱ्यानं. पण याची दुसरी बाजू पण आहे. पाकिस्तानपासून म्यानमारपर्यंत सगळ्यांना एवढी वर्षं एकच नाव होतं, आणि २०२१ मध्ये डीएनए, खवले, मोजमापं असं सगळं धरून अभ्यास झाला तेव्हा निघालं की ही एक जात नाहीच. खरा व्हर्सिकलर मुख्यतः दक्षिणेकडचा, गंगेच्या मैदानातला वेगळा, ईशान्येकडचा वेगळा, पाकिस्तानातला वेगळा. म्हणजे आपण ज्याला "एका जातीतला गावोगावचा फरक" म्हणत होतो त्यातला काही फरक जातींमधलाच निघाला. पँथर शॅमेलिऑनचं तेच, २०१५ मध्येच त्याच जिनिव्हाच्या गटानं दाखवलं की मादागास्करच्या किनाऱ्यावर गावागणिक जे रंग दिसतात त्यांच्याखाली ११ वेगळ्या वंशावळी आहेत. तेव्हा तुमचा प्रश्न वेडगळ नव्हता. फक्त तो रंगावरून सुटत नाही. रंग म्हणजे दारावरची पाटी, आत कोण राहतं ते बेल वाजवून बघावं लागतं.

त्या फोटोंखाली एका वाचकाची प्रतिक्रिया पण छापली होती की सिमेंट रोड झाल्यापासून नागपूरचे सरडे पांढरे पडले. वाचून हसले आधी. मग वाटलं, अगदीच हसण्यासारखं नाही, व्हाइट सँड्सचं असंच झालं की. पण त्याला हजारो वर्षं होती, आपले रोड झाले दहा-बारा वर्षांत, आणि त्यातले निम्मे परत खोदलेत. सरड्यानं कशाकशाशी जुळवून घ्यायचं! (नेत्यांचा आणि सरड्याचा जो जोक आहे तो मी मुद्दाम टाळतेय, सरड्याचा काही दोष नाही.)

एकच विनंती. परत असे फोटो छापाल तेव्हा फोटोखाली महिना, वेळ, नर की मादी, आणि कशावर बसलाय एवढं लिहा, एका ओळीत मावतं. आणि पोरांना सांगा, लाल गळ्याचा दिसला तर दगड मारू नका.

आमच्या कुंपणावरच्या वाकड्या शेपटीवाल्याचे मुलानं मोबाइलवर १४ फोटो काढलेत, डिसेंबर ते जून, वेळ टाकून. एकात तो जवळपास काळा आहे, एकात लाल डोक्याचा, एकात वाळल्या पानासारखा. छापायचे असतील तर पाठवते. पहिले सात जरा हललेत.

आपली,
एक वाचक, मनीषनगर, नागपूर